रात्रीच्या कयाकिंगला दिवा कुठला, किती आणि अंगावर कुठं

खानापूर भागातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आम्ही चौघं मित्र. दोन सिंगल आणि एक डबल, अशा तीन सिट-ऑन-टॉप कयाक, म्हणजे वरच बसून वल्हवायच्या छोट्या होड्या, घेतल्यात. दिवसा सराव झालाय. कोजागरीला हिडकल धरणाच्या फुगवट्यात रात्री नऊ-दहापर्यंत जायचा विचार आहे. उसाला रात्री पाणी पाजायला जाताना डोक्याला लावतो तो लाईट आहे, शिवाय हजार लुमेनची एक बॅटरी ऑनलाइन मागवतोय. एवढं पुरे का? पुढं कारवारला काळी नदीत जायचंय, तिथं वेगळं काही लागतं का?"

हजार लुमेनची बॅटरी घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण रात्रीच्या पाण्यावर लागणाऱ्या दिव्यांच्या यादीत ती चौथ्या नंबरावर येते, आणि तुमचे पहिले तीन नंबर अजून रिकामे आहेत.

आधी एक प्रसंग सांगते, कारण माझं सगळं मत त्या एका संध्याकाळीवर उभं आहे. मे महिना होता, धरण निम्म्याच्या खाली गेलेलं. आम्ही पाच जण, पाच कयाक. वळवाचे ढग पश्चिमेला जमलेले दिसत होते, तरी अजून तासभर आहे म्हणून आम्ही रेंगाळलो. ही चूक माझीच, कारण गट मी घेऊन गेले होते. अंधार पडला आणि वारा सुटला. आमच्यातल्या एकाने बोटीच्या मागे काठी लावून तिच्यावर सुरेख पांढरा दिवा बसवला होता, सगळ्यांत चांगला दिवा त्याचाच. त्याचं वल्हं जाळ्याच्या दोरीत अडकलं, तो कलंडला आणि पाण्यात पडला. बोट हलकी, पुन्हा सुलटी झाली आणि वाऱ्यानं निघाली. दिवा तसाच पेटलेला. आम्ही लांबून बघत होतो तर दिवा छान सरळ पुढं चाललेला. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "हा बघ कसा सुटलाय." आम्ही त्याच्या मागे वल्ही मारत गेलो. गाठलं तेव्हा बोट रिकामी होती.

माणूस आमच्या मागे राहिला होता, दोन-अडीचशे मीटर तरी. पाण्यावर माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, आणि रात्री तेवढंही दिसत नाही. आमच्या बॅटऱ्या आम्ही चहूकडं फिरवल्या, त्यात फक्त लाटा चमकत होत्या. शेवटी मी सगळ्यांना दिवे बंद करून गप्प बसायला लावलं. वाऱ्यात अगदी बारीक शिट्टी ऐकू आली. जॅकेटला दोरीनं बांधलेली साधी प्लास्टिकची शिट्टी. तिच्यामुळं तो सापडला. अंगात जॅकेट होतं म्हणून तोपर्यंत तरंगत होता.

तेव्हापासून माझ्या गटात पहिला दिवा माणसाच्या अंगावर असतो, बोटीवर नंतर. माणूस आणि बोट यांची ताटातूट झाली तर शोधायचा माणूस असतो.

हा पहिला दिवा कसला? छोटा, अंगठ्याएवढा, एकसारखा जळणारा पांढरा दिवा. पाणबुडे टाकीला लावतात तसला मार्कर लाईट चालतो. लाईफ जॅकेटला लावायचे खास दिवेही मिळतात. उजेड किती हवा, तर मोठ्या जहाजांवरच्या लाईफ जॅकेटच्या दिव्याला आंतरराष्ट्रीय नियमानं किमान 0.75 कँडेला तीव्रता आणि 8 तास जळणं एवढंच बंधन आहे. 0.75 कँडेला म्हणजे एका मेणबत्तीच्या उजेडापेक्षाही कमी. भर समुद्रात पडलेल्या माणसासाठी जगानं ठरवलेला आकडा एवढा लहान आहे, कारण काळ्या पाण्यावर मेणबत्तीसुद्धा खूप लांबून दिसते. आणि तुम्ही हजार लुमेनचा विचार करताय. तीव्रतेपेक्षा तो दिवा पाण्याच्या वर राहील का आणि रात्रभर टिकेल का, हे बघा.

पाण्याच्या वर राहणं कशावर अवलंबून, तर कुठं लावलाय त्यावर. कमरेला लावलेला दिवा पाण्यात पडल्यावर पाण्याखाली जातो. छातीवरचा खिसा बरा वाटतो, पण जॅकेट वर सरकतं, हात पुढं येतात आणि दिवा झाकला जातो. खांद्याच्या पट्ट्यावर, कानाच्या खाली वीतभर, मागच्या अंगाला, ही जागा मला सगळ्यांत पटलेली आहे. तिथून तुमच्या डोळ्यात उजेड येत नाही आणि पाण्यात तरंगताना दिवा वर राहतो. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. दिवसा काठाजवळ जॅकेट घालून पाण्यात पडा, पाय सोडून तरंगा, आणि मित्राला विचारा दिवा दिसतोय का. चौघांचे चार अंग, चार जॅकेट, प्रत्येकाची जागा थोडी वेगळी निघेल.

दिवा जॅकेटला हातभर दोरीनं बांधा, गळ्यात अडकवू नका. गळ्यातली दोरी जाळ्यात, झुडपात, दुसऱ्याच्या वल्ह्यात कुठंही गुंतते. त्याच खांद्याला शिट्टी. शिट्टीला सेल लागत नाहीत, म्हणून ती मी दिव्याच्याच यादीत धरते.

आता दुसरा, बोटीवरचा. हा चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, आणि त्याची जागा तुमच्या डोक्याच्या वर. बोटीच्या नाकावर दिवा लावलेला मी पुष्कळदा बघितलाय. त्यानं दोन गोष्टी होतात. तो उजेड रात्रभर तुमच्याच डोळ्यात जातो, आणि मागून येणाऱ्याला तुमच्या पाठीमुळं तो दिसतच नाही. मागच्या बाजूला काठी उभी करा, इलेक्ट्रिशियन वायरिंगला वापरतात तो पीव्हीसी पाईप चालतो, आणि बसल्यावर डोक्याच्या वर वीतभर येईल एवढी उंची ठेवा. दिव्याच्या खाली एखाद्या डब्याचं झाकण काळं रंगवून बसवा, म्हणजे उजेड खाली डेकवर आणि वल्ह्यावर पडणार नाही. हे झाकण अगदी फुकटचं काम आहे, पण त्यानं डोळ्याला जो आराम पडतो तो कुठल्याही महागड्या दिव्यानं पडत नाही. काठी अशी बसवा की ओढली तर निघेल. पाण्यातून मागच्या बाजूनं बोटीवर चढताना ती छातीत खुपते.

जमलं का हे बघायला धरणावर जायची गरज नाही. अंगणात किंवा खळ्यावर बोट ठेवा, अंधार पडल्यावर जॅकेट, टोपी घालून बसा, दिवा लावा, आणि घरातल्या कुणाला तरी पन्नास पावलं लांबून तुमच्याभोवती फेरी मारायला सांगा. जिथं दिवा नाहीसा होईल तिथं त्यांनी हाक द्यायची. पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येकाला एक तरी आंधळी बाजू सापडते, आणि बहुतेकदा ती नेमकी समोरची असते, कारण डोकं मधे येतं.

तिसरा दिवा म्हणजे हाताशी असलेली बॅटरी. ही बंद ठेवायची, पण अंधारात न चाचपडता दोन सेकंदात हातात आली पाहिजे. समुद्रावरची टक्कर टाळण्यासाठी 1972 साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले. त्यांतला 25 वा नियम वल्ह्याच्या बोटीला मोठ्या बोटींसारखे लाल-हिरवे दिवे लावायची सक्ती करत नाही. ते लावले नसतील तर पांढरा उजेड देणारी बॅटरी किंवा पेटवलेला कंदील हाताशी तयार ठेवा आणि टक्कर टळेल इतक्या आधी तो दाखवा, एवढंच तो सांगतो. हिडकलसारख्या धरणाला हा समुद्राचा नियम लागू नाही, कारवारच्या खाडीला आहे. तरी मी धरणावरही तोच पाळते, कारण त्यात शहाणपण आहे. "हाताशी" आणि "इतक्या आधी" हे त्यातले दोन शब्द मला मोलाचे वाटतात. डबीत, कोरड्या पिशवीत, पायाजवळच्या झाकणाखाली ठेवलेली बॅटरी हाताशी नसते. जॅकेटच्या उजव्या खिशात, दोरीनं बांधलेली, बटण वरच्या बाजूला. आणि खिशात चुकून चालू होऊ नये म्हणून मागचं टोपण पाव फेरा सैल करून ठेवा. दाखवायची वेळ आली की आवळून पेटवा. हे दहा वेळा डोळे मिटून करून बघा.

तुमची हजार लुमेनची बॅटरी इथं, किंवा चौथी म्हणून, चालेल. मात्र तिचा जास्तीचा उजेड तुम्हाला फार उपयोगी पडणार नाही, त्याचं कारण डोळ्यात आहे. अंधारात गेल्यावर बाहुली लगेच मोठी होते, पण डोळ्याच्या पडद्यावरच्या ज्या पेशी मंद उजेडात बघतात त्यांना पुरतं जागं व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकदा त्या जाग्या झाल्या की चांदण्यात तुम्हाला काठ दिसतो, झाडांची रेघ दिसते, जाळ्याचे थर्माकोलचे तुकडेसुद्धा पांढुरके दिसतात. एखाद्यानं हजार लुमेन समोरच्या पाण्यावर मारले की ते सगळं गेलं, आणि पुन्हा अर्धा तास वाट बघायची. शेजारच्या बोटीतल्या तिघांचंही गेलं. म्हणून माझ्या गटात बॅटरी लावण्याआधी "लाईट!" असं ओरडायची सवय आहे, म्हणजे बाकीचे निदान एक डोळा मिटतात.

त्यामुळंच डोक्याला लावायच्या लाईटबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. काठावर बोट उतरवताना, गाठ सोडताना तो झकास. पाण्यावर तो सतत वल्ह्याच्या पात्यावर आणि बोटीच्या नाकावर पडून उलटा डोळ्यात येतो. आणि माणूस बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघतो, म्हणजे प्रत्येक वाक्याला समोरच्याचे डोळे दिपवतो. डोक्याऐवजी गळ्याशी, खाली तोंड करून, बंद ठेवा. तुमचा तो उसाच्या पाण्याचा लाईट तर मुळीच आणू नका. तो शेतासाठी चांगला आहे, पाऊस-चिखल सोसतो, पण त्याची बॅटरी जड असते, चार्जिंगचं भोक बहुतेकांत उघडं किंवा नुसत्या रबरी जिभेनं झाकलेलं असतं, आणि पाण्यात पडला की सरळ तळाला जातो.

पाकिटावरचे आकडे कसे वाचायचे तेही सांगते, कारण दुकानदार ते सांगत नाही. लुमेन म्हणजे एकूण उजेड, तो किती लांब जाईल हे त्यावरून कळत नाही. बऱ्याच चांगल्या बॅटऱ्यांवर एफएल-1 नावाच्या मानकाची चिन्हं असतात. त्यात अंतर मोजताना जिथं उजेड 0.25 लक्सवर येतो तिथपर्यंतचं अंतर धरतात. 0.25 लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याइतका उजेड. म्हणजे पाकिटावर 200 मीटर लिहिलंय ना, तर 200 मीटरवर ती बॅटरी चांदण्याएवढाच उजेड पाडते. तुम्ही जाणार कोजागरीला, चांदणं आधीच पडलेलं. मग त्या शेवटच्या मीटरांना तुमच्या दृष्टीनं काही अर्थ उरत नाही. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणून छापलेल्या आकड्याचा निम्मा धरा, तेवढं खरं काम होतं. वेळेचंही तसंच. उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ त्या मानकात मोजतात. 200 लुमेन, 40 तास असं लिहिलेलं असेल तर चाळिसाव्या तासाला उरतात 20 लुमेन. ते एका परीनं बरंच आहे, पण चाळीस तास झगझगीत उजेड मिळेल असं समजू नका.

पाण्यासाठी आयपीएक्स बघा, म्हणजे दिवा किती पाणी सोसेल ते सांगणारा आकडा. आयपीएक्स-4 म्हणजे शिंतोडे सोसेल, पाण्यात बुडून नाही. आयपीएक्स-7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स-8 म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनीनं लिहिलेलं असतं. आपल्याला 7 च्या खालचं नको. आणि यातला कुठलाही आकडा दिवा तरंगेल असं सांगत नाही, ती गोष्ट वेगळी तपासावी लागते.

तरी आकड्यावर विसंबू नका, बादलीवर विसंबा. नवी बॅटरी आली की सेलच्या भोवती टिश्यू पेपरचा एक तुकडा गुंडाळून टोपण लावा आणि बादलीत तळाला अर्धा तास ठेवा. पाण्यातच दोन-तीनदा बटण दाबा, कारण गळती बऱ्याचदा बटण दाबताना होते. बाहेर काढून पुसा, उघडा, कागद बघा. माझ्याकडच्या एका चांगल्या बॅटरीचा कागद एकदा कोपऱ्यात ओला निघाला. टोपणाच्या आट्यांजवळ काळं रबरी कडं असतं, त्यावर एक केस अडकला होता. माझाच, लांब, बारीक, काळ्या रबरावर काळा, भिंगाशिवाय दिसला नसता. तो काढला, कडं पुसून सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवला, पुन्हा बादलीत टाकली, कागद कोरडा. तेव्हापासून सेल बदलले की कड्यावरून बोट फिरवल्याशिवाय मी टोपण लावत नाही. व्हॅसलिन लावू नका, त्यानं काही जातींचं रबर फुगतं.

सेलबद्दल थोडक्यात. सगळ्यांचे दिवे एकाच मापाच्या सेलवर चालतील असे घ्या, म्हणजे एकाचा संपला तर दुसऱ्याचा बसतो. नवे-जुने मिसळू नका. चार्जिंगच्या दिव्यांबरोबर निदान एक दिवा साध्या पेन्सिल सेलचा ठेवा, कारण हुक्केरी-संकेश्वरच्या कुठल्याही दुकानात ते मिळतात. सुटे सेल नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर पिशवीत टाकू नका, विशेषतः लिथियमचे.

चौथा दिवा म्हणजे गटाचा राखीव. तो गटात सगळ्यांत मागे असणाऱ्याकडं, कारण मागचा माणूस सगळ्यांना बघतो. मोबाईलचा टॉर्च यात धरू नका. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि मोबाईल 112 ला फोन करण्यासाठी वाचवायचा असतो.

लुकलुकणारा दिवा लावायचा मोह होतो, कारण तो लक्ष वेधतो. पण डोळ्याला त्यावरून अंतर आणि दिशा कळत नाही, आणि शेजारी वल्हवणाऱ्याला अर्ध्या तासात मळमळायला लागतं. नेहमीचा दिवा एकसारखा जळणारा, लुकलुक फक्त संकटात. संकटाची खूण सगळ्यांनी एकच ठरवा. एसओएस, म्हणजे तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे, ही जगभर मानलेली खूण आहे.

आता हिडकलबद्दल. फुगवट्यात कुठंही जायच्या आधी पाटबंधारे खात्याची परवानगी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती, दोन्ही. बेळगावातल्या काहींना राकसकोप जवळ वाटतं, पण ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे, तिथं बोट नेऊच नये. आणि खाली धुपदाळच्या बंधाऱ्याकडं घटप्रभेचं पक्षी अभयारण्य आहे. थंडीत तिथं करकोचे उतरतात, रात्रीचा उजेड त्यांना उठवतो. तिकडं वळूच नका.

फुगवट्यात रात्री खरा धोका जाळ्यांचा. संध्याकाळी मासेमारीवाले जाळी लावून जातात आणि पहाटे काढतात, काही जण रात्रभर होडीतच असतात. जाळ्याच्या दोरीवर थर्माकोलचे किंवा बाटल्यांचे तरंडे असतात, ते वीस-पंचवीस मीटरवर आल्यावरच दिसतात. दिवसा जाऊन त्यांना भेटा. कुठं जाळी आहेत, आज कुठं लावणार, विचारा. ही एक भेट तुमच्या हजार लुमेनपेक्षा जास्त उजेड पाडेल. रात्री त्यांच्या होडीजवळ आलात तर त्यांच्या तोंडावर बॅटरी मारू नका. बॅटरी स्वतःच्या वल्ह्याच्या पात्यावर मारा. पातं पांढरं किंवा पिवळं असेल, त्यावर चमकणारी परावर्तक पट्टी चिकटवलेली असेल तर अख्खी कयाक आणि त्यातला माणूस उजळून दिसतो आणि समोरच्याचे डोळे शाबूत राहतात. अंधारातून "यार्री अदू?" (कोण ते?) अशी हाक आली की आधी असा उजेड दाखवा, मग नाव-गाव सांगा. चार शब्द कन्नडचे येत असतील तर त्यातच सांगा. रात्रीच्या पाण्यावर अनोळखी माणूस भितो, तेही भितात.

परावर्तक पट्टीवर भिस्त मात्र ठेवू नका. ती दुसऱ्याचा उजेड पडला तरच चमकते. पात्याच्या दोन्ही बाजूंना, जॅकेटच्या खांद्यावर आणि बोटीच्या दोन्ही टोकांना लावा, एवढं पुरे.

धरणाखाली काय बुडालंय हे लक्षात ठेवा. हिडकलमध्ये हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाणी ओसरलं की वर येतं, भरल्या पाण्यात ते खाली असतं. काळी नदीवरच्या सुपा धरणात तर अख्खं सुपा गाव गेलं, माणसं रामनगरला येऊन वसली, आणि जुन्या झाडांचे खोड पाणी उतरल्यावर टोकदार उभे दिसतात. काठाच्या अगदी जवळून जाणं सुरक्षित वाटतं, पण खोडं, बाभळी आणि दगड काठाजवळच असतात. काठापासून तीस-चाळीस मीटर सुटून जा. गणेशगुडीला सुप्याच्या खाली वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की नदी बघता बघता वाढते, आणि दांडेलीच्या बाजूला काळीत मगरी आहेत. तिथं रात्री जाऊ नका, कुठल्याही दिव्यानं ती गोष्ट सुरक्षित होत नाही. कृष्णेलाही चिकोडी-अथणीकडं मगरी दिसतात. पाण्यालगत बॅटरी फिरवताना तांबूस निखाऱ्यासारखे ठिपके चमकले आणि हलले तर तो काजवा नसतो. मगरीच्या डोळ्यात मागे परावर्तक पडदा असतो, उजेड त्यावरून परत येतो. शांतपणे मागे फिरा.

कोजागरीला धुकं क्वचित, पण डिसेंबर-जानेवारीत फुगवट्यावर धुकं उतरतं. त्यात पांढरी बॅटरी लावली की समोर दुधाची भिंत उभी राहते, हातभरावरचं पातंही दिसत नाही. बॅटरी बंद करा, बोटी एकमेकींना लावा, शिट्टीनं बोला, आणि काठ जवळ असेल तर काठाला लागून थांबा. बॅटरी लावायचीच झाली तर डोळ्यापासून लांब, गुडघ्याच्या उंचीवर, पाण्याला समांतर धरा. ऑक्टोबरमध्ये त्रास किड्यांचा. पांढऱ्या दिव्यावर ते झुंडीनं येतात आणि डोळ्यात जातात. डोक्यावरच्या काठीवर दिवा असण्याचा हाही एक फायदा.

पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, पण डोंगराच्या आड असला तर वर यायला वेळ लागतो. पहिला तास अंधाराचा धरा. चंद्राच्या दिशेनं बघाल तर सगळं काळ्या आकृतीसारखं स्पष्ट दिसतं. चंद्राकडून येणाऱ्या होडीला मात्र तुम्ही काळ्या डोंगरापुढं काळे दिसता, म्हणजे दिसतच नाही. चांदणं आहे म्हणून दिवा न लावणं इथंच अंगाशी येतं.

कारवारचं वेगळं. काळीच्या मुखाशी मासेमारीचे ट्रॉलर, यांत्रिक होड्या ये-जा करतात, आणि त्यांना 1972 चे नियम माहीत असतात. त्यांच्या लेखी लाल दिवा म्हणजे बोटीची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. डोक्याच्या लाईटला लाल उजेड असतो ना, तो लावून तुम्ही त्यांच्याकडं बघितलंत तर त्यांना वेगळ्याच बोटीची डावी बाजू दिसते. लाल उजेड फक्त खाली, नकाशा-घड्याळासाठी. लुकलुकणारा पांढरा दिवा तिथं बोया समजला जाऊ शकतो. हिरवा वर आणि पांढरा खाली असे दोन दिवे दिसले तर तो ट्रॉल, म्हणजे मागे ओढायचं जाळं, ओढणारा आहे, लाल वर आणि पांढरा खाली असेल तर दुसऱ्या जाळ्याचा. दोघांच्याही मागून जाऊ नका, जाळं मागे असतं. मोठी होडी सरळ तुमच्याकडं येतेय, म्हणजे लाल आणि हिरवा दोन्ही एकाच वेळी दिसताहेत, तर वल्ह्यावर नाही, थेट तिच्या केबिनकडं बॅटरी दोन-तीन सेकंद दाखवा, खाली करा, पुन्हा दाखवा, आणि बाजूला व्हा. हक्क कुणाचा हे तेव्हा बघत बसायचं नाही.

काळीवरचा जुना पूल 2024 च्या ऑगस्टमध्ये कोसळला. पुलांच्या खांबांजवळ ओहोटीला प्रवाह ओढतो, म्हणून तिथं रात्री जाऊ नका. दक्षिणेला नौदलाचा तळ आहे, त्या बाजूला बोट नेणं हा गुन्हा ठरू शकतो. बंदर खात्याला विचारूनच पाण्यात उतरा, आणि तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर मोबाईलमध्ये घालून ठेवा. खरं सांगायचं तर पहिली तीन-चार वर्षं कारवारला रात्री न गेलेलंच बरं. पौर्णिमेला भरती-ओहोटी मोठी असते, आणि तुमचा सराव साचलेल्या पाण्याचा आहे.

परत येण्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. रात्री सगळा काठ सारखाच दिसतो. ज्या घाटावरून उतरलात तिथं दोन सौर कंदील लावा, एक पाण्याजवळ खाली, दुसरा त्याच्या बरोबर मागे दहा-पंधरा मीटरवर उंच, झाडाला किंवा गाडीच्या टपावर. पाण्यातून बघताना दोन्ही एकावर एक दिसले की तुम्ही सरळ रेषेत आहात. वरचा डावीकडं सरकलेला दिसला तर तुम्ही उजवीकडं सरका, उजवीकडं दिसला तर डावीकडं. बंदरात मोठ्या बोटी याच रीतीनं आत येतात. कंदिलापाशी एक माणूस बसलेला असावा, त्याच्याकडं चौघांची नावं आणि परतायची वेळ कागदावर लिहिलेली. तो झोपायचा नाही. आटवलेलं दूधही त्याच्याकडंच ठेवा, पाण्यावर नेऊ नका.

पाण्यावर डबल कयाक मधे, सिंगल पुढं आणि मागे. दर दहा मिनिटांनी पुढच्यानं थांबून दिवे मोजायचे आणि मोठ्यानं म्हणायचं. तुम्ही चौघं, म्हणून अंगावरचे चार आणि बोटींचे तीन, सात. सातापैकी एक कमी दिसला तर आधी आवाज द्या, मग वळा.

घरी आल्यावर कितीही दमलात तरी दिवे तसेच पिशवीत टाकू नका. कारवारहून आलात तर साध्या पाण्यात बुचकळून मीठ काढा. मग पुसा, टोपणं उघडा, सेल वेगळे काढा, रबरी कडं बोटानं बघा, आणि रात्रभर पंख्याखाली उघडे ठेवा. सकाळी सेल पुन्हा घालताना प्रत्येक दिव्यावर मार्करनं तारीख लिहा, म्हणजे पुढच्या पौर्णिमेला कुठला सेल किती जुना हे विचारावं लागत नाही.